यावलचा कागद व अकिकाची घोटणी

खानदेशांतील जुनी दप्तरे चाळणाऱ्यांस यावल हे नाव अपरिचित नाही. मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियराच्या खानदेश-खंडांत (१८८०) या गावाची पूर्वीची ख्याति देशी कागद व नीळ यांसाठी नोंदलेली आहे. देशी कागदास खळ लावून तो गुळगुळीत दगडाने घोटीत. एरव्ही बोरूची शाई फुटे. ही घोटणी पुष्कळदा अकिकाची असे. संग्राहक पोथी जिवापाड जपतात. घोटणीस मात्र ‘गोमेद’ अशी चिठी डकवून मोकळे होतात. आमचा आक्षेप या चिठीवर आहे.

गोमेद हे नवरत्नांपैकी एक. गोमूत्राच्या वा मधाच्या रंगाचे, पारदर्शक, पट्टे नसलेले. अकीक गारेच्या जातीचा, अतिसूक्ष्म कणांचा. लाव्हा थिजताना काळ्या पाषाणांत वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून त्यांच्या भिंतींवर थरावर थर बसले. म्हणून अकिकाचे पट्टे पोकळीच्या आकाराप्रमाणे एकांत एक वळतात. रंगीत काचेंत असे पट्टे विस्कळित दिसतात आणि भिंगाखाली बुडबुडे सापडतात.

संशय उरल्यास तराजू घ्यावा. हवेंत १०० गुंजा भरणारा अकीक पाण्यांत सुमारे ६२ भरतो. आज गोमेद म्हणून विकले जाणारे रत्न ७२ च्या आसपास. पट्टेदार संगमरवर मात्र या कसोटीस चकवितो, कारण त्याचे वजन अकिकाजवळच पडते. तेथे चाकू लावावा : संगमरवर ओरखडतो, अकीक ओरखडत नाही. अर्थात् घासलेल्या बाजूवर हा प्रयोग कोणी करू नये.

हा वाद केवळ शब्दाचा नव्हे. पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणहून भडोचेस गाड्या भरभरून पट्टेदार दगड जात असल्याची नोंद आहे. ‘गोमेद’ ही चिठी वाचणारा अभ्यासक त्या व्यापाराशी या दगडाचा संबंध कसा जोडणार?

उलट बाजूने घाईही नको. यावलच्या पायाखाली तापीचा खोल गाळ आहे. तेथे मिळालेली घोटणी सातपुड्याच्या ओढ्यांतील गोट्याची असेल, अथवा रतनपूरच्या खाणींतून खंबायतेच्या कारागिरांकडे गेलेल्या अकिकाचीही असेल. सापडण्याचे ठिकाण आणि दगडाचे मूळ ही दोन निराळी कलमे होत. यादींत ती निराळीच लिहावी. त्यांशेजारी वजन, पट्ट्यांचे वळण व झिजलेल्या बाजूची लांबी-रुंदी द्यावी. आणि नोंद होईपर्यंत घोटणी धुऊ नये. चिरांत जुनी खळ अडकलेली असल्यास ती त्या पाण्याबरोबर जाईल.