कोऱ्या भिंतीआडची आई

मॅक्स ऑफुल्सच्या 'द रेकलेस मोमेंट' (१९४९) या चित्रपटावर लिहिणारे बहुधा त्याच्या फिरत्या कॅमेऱ्यापाशी रमतात. मला मात्र त्यात सर्वांत जास्त धास्ती वाटते ती घरातल्या टेलिफोनची.

कॅलिफोर्नियातल्या बाल्बोआला राहणाऱ्या ल्युसिया हार्परचा नवरा कामानिमित्त बर्लिनला आहे. लेक बी एका लबाड, थोराड माणसाच्या नादी लागलेली. रात्री बोटहाउसमध्ये झटापट होते, बी त्याला टॉर्चने मारून पळते आणि तो कठडा मोडून खालच्या नांगरावर पडतो. सकाळी प्रेत आईला सापडते. ती ते मोटरबोटीत घालून दूर दलदलीत टाकून येते. रहस्यकथा म्हणावी अशी एवढीच. ती लवकर उरकते. मग बीने लिहिलेली प्रेमपत्रे घेऊन डॉनेली दारात उभा राहतो. मागणी पाच हजार डॉलरची.

खरा ताण इथून पुढचा. ल्युसियाला घरात एकांत नाही. फोनवर बोलावे तर सासऱ्याला, मुलाला ऐकू जाणार. कर्ज मागायला गेली, की नवऱ्याच्या सहीचा प्रश्न. शेवटी दागिने गहाण. रोजची खरेदी, जेवणखाण चालूच. प्रेत लपवणारी ही बाई स्वतःच्या नावावर पैसे उभे करू शकत नाही, ही या चित्रपटाची खरी पकड आहे, असे माझे मत आहे.

निशिकांत कामत यांचा हिंदी 'दृश्यम' (२०१५) शेजारी ठेवून पाहावा. तिथेही लेकीच्या हातून माणूस मरतो, प्रेत पुरताना आई हजर असते. पण पुढची सारी आखणी बापाची. विजय साळगावकरकडे स्वतःचा धंदा आहे, बस-सिनेमाची तिकिटे हा त्याचा पुरावा आहे, घराबाहेर त्याला कोणी अडवत नाही. प्रेक्षक त्याच्या हुशारीला दाद देतात. ल्युसियाच्या वाट्याला तशी दाद नाही. पैशांसाठी तिची जी धावपळ चालली आहे, तिचा लेकीला पत्ताही नाही.

मूळ कादंबरी एलिझाबेथ सॅन्क्से होल्डिंग या लेखिकेची, 'द ब्लँक वॉल' (१९४७). तिथे नवरा युद्धावर, घरात रेशनिंग. नायिका मटणाची आणि कुपनांची चिंता करत गुन्हा झाकते. ऑफुल्सने युद्ध काढले, चिंता ठेवली. २००१च्या 'द डीप एंड'मध्ये लेकीऐवजी मुलगा आला. टिल्डा स्विंटनचे काम अप्रतिमच, पण आई ज्या चौकटीत अडकली आहे तीतच उद्या लेकही शिरणार, ही मूळची बोच त्यात गेली.

सिबिलकडे फार कमी जणांनी पाहिले आहे. ही घरकाम करणारी कृष्णवर्णीय बाई. बाईसाहेबांचे काहीतरी बिनसले आहे, हे घरात ओळखते ती एकटी, आणि डॉनेलीतला माणूसही तिलाच दिसतो. शेवटी त्याच्या शोधात निघालेल्या ल्युसियासोबत गाडीत तीच असते. लेकीची राखण आई करते. आईची राखण कोण करते, याचे उत्तर चित्रपटात आहे, पण सिबिलला त्याबद्दल कोणी दोन शब्दही बोलत नाही.

डॉनेली सगळा दोष अंगावर घेऊन मरतो. मग बर्लिनहून फोन येतो. ल्युसिया डोळे पुसून जिन्यावरून खाली येते, नाताळच्या झाडाविषयी बोलते, सगळे ठीक आहे म्हणते. कठड्याचे गज तिच्यासमोर उभे. समीक्षकांना त्यात तुरुंग दिसतो. मी पाहतो ते भोवती जमलेल्या सासऱ्याला आणि मुलांना. फोनवर बोलायची आपली पाळी कधी येते, याची वाट पाहत ते उभे आहेत.