ज्यांना निवृत्ती नाही त्यांचे म्हातारपण

मराठी साहित्यात म्हातारपणाला मानाचे पान मिळालेले आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आले. जयवंत दळवींचे ‘संध्याछाया’ त्याच दशकातले. एकात सर्वस्व मुलांच्या हवाली करून बेघर झालेला नट आहे. दुसऱ्यात एक मुलगा अमेरिकेत आणि एक हवाई दलात गेल्यावर रिकाम्या घरात उरलेले जोडपे आहे. या नाटकांनी मराठी प्रेक्षक रडवला. ते रडणे खोटे होते असे मला म्हणायचे नाही. पण ते कोणाचे रडणे होते, हा प्रश्न विचारला पाहिजे. जन्मदर घटतो आहे, समाज म्हातारा होतो आहे, अशी चर्चा आज सर्वत्र चालू असताना तर तो विचारलाच पाहिजे. कारण या चर्चेच्या डोळ्यांपुढे जो म्हातारा आहे, तो याच नाटकांतून उतरलेला आहे.

हा म्हातारा कोण? तो काम थांबलेला माणूस आहे. त्याच्यापाशी द्यायला घर आहे, शिल्लक आहे, नाव आहे. त्याचे दुःख एकटेपणाचे आहे, भाकरीचे नाही. ‘नटसम्राट’मध्ये बेलवलकरांना शेवटी आसरा देतो तो बूटपॉलिश करणारा राजा. समीक्षकांनी त्याच्या माणुसकीचे कौतुक केले आणि ते पुढे गेले. पण हाच राजा साठीचा झाल्यावर कोठे जाणार? त्याच्या हातातला ब्रश कोणत्या वयात खाली ठेवला जाणार? हा प्रश्न नाटकाने विचारला नाही, आणि प्रेक्षकालाही पडला नाही. ज्याच्या कामाला निवृत्ती नाही, त्याचे म्हातारपण नाटकाचा विषय होत नाही. ते दिसतच नाही.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील माणसे देशात ८.६ टक्के होती. सरकारी तज्ज्ञगटाच्या अंदाजाप्रमाणे २०३६ साली ती १५ टक्क्यांच्या घरात जातील. लोकसंख्या आहे तेवढी टिकायची तर दर स्त्रीमागे सरासरी २.१ मुले लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण भारतात २.० आणि महाराष्ट्रात १.७ होते. देशातल्या अनुसूचित जातींत १९९२-९३ साली ते ३.९ होते, ते २.१ च्या आसपास आले आहे. ‘यांना पोरेच फार’ ही आपल्या वस्त्यांना दिली जाणारी शिवी आता आकड्यांनीच खोटी ठरवली आहे. पण त्याच आकड्यांच्या शास्त्रात एक शब्द बसलेला आहे: ‘अवलंबित’. साठी ओलांडली की माणूस अवलंबित म्हणून मोजला जातो आणि कमावत्यांवर त्याचा किती भार पडतो याचा हिशोब मांडला जातो. अनुसूचित जातींतले जवळपास निम्मे कामकरी २०११ साली शेतमजूर होते. खुरपणीला जाणारी, कापूस वेचणारी, शेण-गोठा करणारी सत्तरीची म्हातारी कोणावर अवलंबून आहे? उलट तिच्या रोजावर घरातला नातू शाळेत जातो. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. मला तरी दुसऱ्या कोणी शिकवले? तिला भार म्हणणारे शास्त्र पांढरपेशा आहे असेच म्हणावे लागते.

मुले कमी असावीत हा विचार आपल्यावर कोणी बाहेरून लादला, असेही नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने संततिनियमनाचा ठराव आणला. बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. स्त्रीची सुटका आणि गरिबाचे दारिद्र्य हे त्यामागचे मुद्दे होते. सभागृहाने तो ठराव फेटाळला. पुढे तेच काम राज्यसंस्थेने हाती घेतले, पण मुक्तीसाठी नव्हे, तर लक्ष्यपूर्तीसाठी. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमतही केले होते. राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते राहिले. २००१ पासून दोनपेक्षा अधिक मुले असणाऱ्याला या राज्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात आंध्रचे मुख्यमंत्री अधिक मुले जन्माला घाला म्हणतात. डिसेंबरात नागपुरातून सरसंघचालक किमान तीन मुले हवीत असे सांगतात. काल पोरे फार म्हणून आपण देशावर भार होतो. आज पोरे थोडी म्हणून समाज बुडतो आहे. दोन्ही वेळा हिशोब दुसऱ्याचा आणि गर्भाशय आपल्या बाईचे.

हे मी अलंकारासाठी लिहीत नाही. ऊसतोडीत ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर ती फेडायची. एक दिवस बसले तर खाडा कापला जातो. २०१९ साली बीड जिल्ह्यात झालेल्या शासकीय पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीचा खाडा पडू नये म्हणून अवयवच काढून टाकायचा! या दलित, भटक्या, अल्पभूधारक स्त्रियांचे म्हातारपण साठीची वाट पाहत नाही. ते तिशी-चाळिशीतच हाडांत शिरते. जन्मदराच्या तक्त्यात असे दुःख मोजायला रकाना नाही.

एकुलत्या एका मुलाचा अर्थही वर्गावर्गाने बदलतो. पांढरपेशाचा एकुलता एक परदेशी जातो आणि मागे रिकामा फ्लॅट उरतो. सफाई कामगाराच्या एकुलत्या एकाला जाताच येत नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार निवृत्त होणाऱ्या सफाई कामगाराच्या वारसाला ती नोकरी मिळू शकते. ठेकेदारीच्या काळात ही तरतूद आधार आहे, तिच्यासाठी संघटना भांडतात आणि ते योग्यच आहे. पण तिचे दुसरे टोकही पाहावे लागेल. घरात चार मुले असत तेव्हा एकाने झाडू घेतला तर तिघांना सुटायची वाट होती. आता एकच मुलगा किंवा एकच मुलगी. ती पदवीधर असली तरी बापाची नोकरी आणि कामगार वसाहतीतली खोली टिकवायची तर झाडू तिनेच धरायचा. जातीचा धंदा पूर्वी रूढीने वारसा म्हणून यायचा, आता तो म्हातारपणाची सोय म्हणून येतो.

राज्यसंस्थेपाशी यावर काय उत्तर आहे? महाराष्ट्रातल्या निराधार वृद्धांच्या योजनेचे नाव ‘श्रावणबाळ’. पासष्ट वर्षे पूर्ण हवीत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवे, म्हणजे सगळ्या घराला रोजचे ५८ रुपयेही नकोत. मग महिना १,५०० रुपये, तेही २०२३ पासून. केंद्राचा वाटा ऐंशीपर्यंतच्या वृद्धासाठी महिना २०० रुपये. २००७ पासून तो जागचा हललेला नाही. पण मला रकमेइतकेच नाव खटकते. हक्काच्या पैशाला आज्ञाधारक मुलाचे नाव का? म्हाताऱ्यांचे बघणे हे मुलांचे कर्तव्य, सरकार फक्त मुलाची उणीव भरून काढते, असा त्याचा अर्थ. आणि ती कथा तरी काय सांगते? वाल्मीकि रामायणात पाणी भरायला आलेला तो मुलगा मरताना राजाला सांगतो, मी द्विज नाही; आई शूद्र, बाप वैश्य. त्याला बाण मारणारा राजा होता. आंधळे आईबाप निराधार झाले ते पोरगा नालायक निघाला म्हणून नव्हे. राजाने मारलेल्या पोराचे नाव राज्याने योजनेला द्यावे, यातला उपरोध शासनाच्या ध्यानात आलेला नसावा.

ज्यांना खरे निवृत्तीवेतन मिळाले त्यांचे उदाहरण आपल्यात आहे. नरेंद्र जाधवांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’तला बाप निवृत्तीनंतर वही घेऊन आठवणी लिहायला बसला. कायमची नोकरी होती, म्हणून रिकामपण मिळाले. रिकामपण मिळाले, म्हणून आठवण कागदावर आली. निवृत्तीवेतन म्हणजे केवळ पैसे नव्हेत, तो स्मृतीचा हक्क आहे. आणि आपली पिढी नोकरीच्या दारात पोचली तेव्हा तेच मागच्या दाराने निघून गेले होते. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यात नव्या भरतीसाठी जुनी योजना बंद झाली. मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी संप केला, नंतर काही सुधारणाही पदरात पडल्या. पण तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला आणि ठेकेदाराकडच्या सफाई कामगाराला त्या सुधारणांत जागा नव्हती.

शेवटी आपल्या साहित्याकडे वळतो. दलित आत्मकथने बहुधा ऐन उमेदीत लिहिली गेली. ‘बलुतं’ १९७८ साली आले तेव्हा दया पवार त्रेचाळीस वर्षांचे होते. ‘उपरा’ १९८० साली, तेव्हा लक्ष्मण माने एकतिशीचे. या लेखनाचा रोख भुकेकडून शाळेकडे, शाळेकडून नोकरीकडे आहे. ते स्वाभाविक होते आणि इतिहासाची ती गरजच होती. त्यात आई, आजी, बाप येतात, पण मुलाच्या आठवणीतले म्हणून. मुलगा शहरात गेल्यावर गावच्या खोपटात त्यांचे काय झाले, हे क्वचितच येते. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूचे विणकाम आणि लेकीचे लेखन एका धाग्यात येते. लेकीने आईच्या श्रमाला असे आपल्या शब्दांशेजारी बसवणे मला फार मोलाचे वाटते. तेथून पुढे जायला हवे. थकलेल्या देहाने केलेले काम, पोरांवर भार होऊ नये म्हणून लपवलेले दुखणे, झाडूसाठी मागे राहिलेली शिकलेली मुलगी, हे सगळे लिहायचे राहिले आहे.

बाया कमी मुलांना जन्म देत असतील तर त्यात रडण्यासारखे काही नाही. तो आपल्याच चळवळीचा एक जुना ठराव आहे. ‘मुले वाढवा’ या हाकेला आपला नकारच असला पाहिजे. पण नकार पुरा पडत नाही. पूर्वी पोरांचे हात हेच आपले निवृत्तीवेतन होते. ते हात कमी होणार, तर शेतमजूर, ऊसतोड आणि ठेका कामगारांचे निवृत्तीवेतन कायद्याने मागावे लागेल, आणि ते कोणत्याही श्रावणबाळाच्या नावाने नव्हे. ज्यांनी आयुष्यभर या समाजाचे ओझे वाहिले, त्यांना ओझे म्हणण्याचा अधिकार या समाजाला नाही.