विजेरीतील सेलची मांडणी आणि जोडणी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
बीड जिल्ह्यात 'बॅटरी' म्हटले की विजेचा साठा आणि हातातली विजेरी, असे दोन्ही अर्थ निघतात. आष्टी, पाटोदा, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या मजुरांच्या कोपीत ती असते. शेतीपंपाला रात्रपाळीची वीज असते, तेव्हा दारे धरणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातही तीच असते. विंचू-सापाच्या वाटेवर तिचा प्रकाश ही चैन नव्हे. म्हणूनच तिच्यात सेल कसे बसवले आणि कसे जोडले, हा प्रश्न केवळ पदार्थविज्ञानाचा उरत नाही.

एकसर जोडणीची मर्यादा :
मांडणी आणि जोडणी यांत भेद करणे आवश्यक आहे. तीन सेलच्या जुन्या विजेरीत सेल एकामागे एक, टोपी बल्बकडे करून बसतात व तळाची स्प्रिंग त्यांना दाबून धरते. ट्रान्झिस्टर रेडिओत ते शेजारी शेजारी, उलटसुलट ठेवून पत्र्याच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. मांडणी निराळी असली तरी जोडणी एकसरच आहे. दीड व्होल्टचे तीन सेल मिळून ४.५ व्होल्ट देतात. समांतर जोडणीत व्होल्ट तेवढेच राहतात, पुरवठा मात्र अधिक काळ टिकतो.

वर्गातील विवेचन बहुधा या बेरजेपाशी थांबते. व्यवहारातील अडचण तिथूनच सुरू होते. एकसर जोडणीत सर्व सेलमधून एकच विद्युतधारा वाहते, त्यामुळे सर्वांत दुबळा सेल साऱ्यांची मर्यादा ठरवतो. जुना सेल नव्यांबरोबर घातल्यास तो आधी रिता होतो, प्रसंगी त्याची ध्रुवता उलटते आणि त्यातील द्रव पाझरून पत्रा गंजतो. एक सेल उलटा बसला तर ४.५ ऐवजी १.५ व्होल्टच उरतात. दुबळा सेल कोणता, हे विजेरी सांगत नाही. परिणामी तीनही सेल टाकले जातात किंवा उन्हात ठेवले जातात. उष्णतेने रासायनिक क्रिया थोडा वेळ वेगवान होते, परंतु संपलेले द्रव्य परत येत नाही.

बंद कवचाचा प्रश्न :
एलईडी व लिथियम-आयन सेल असलेल्या नव्या विजेरीने यांतील काही दोष दूर केले. सुमारे ३.७ व्होल्टचा एकच सेल पुरत असल्याने नवा-जुना असा मेळ बिघडत नाही. उलटा बसण्याचा संभवही उरत नाही. लिथियम सेल शॉर्ट झाल्यास पेट घेऊ शकतो, त्यामुळे तो कवचात बंद ठेवण्यामागे सुरक्षिततेचे कारण आहे, हे मान्य करावे लागते. तथापि अशा अनेक विजेऱ्यांत सेल डाग देऊन पक्का केलेला असतो. काहीशे वेळा चार्ज केल्यावर त्याची क्षमता घटते आणि सुस्थितीतील एलईडी, बटण, कवच यांच्यासह संपूर्ण वस्तू निकामी ठरते. जुन्या विजेरीचा मालक गावच्या दुकानातून सेल आणून प्रकाश परत मिळवत असे. नव्या विजेरीने ती स्वायत्तता काढून घेतली.

सुरक्षितता आणि बदलण्याची सोय या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमनानुसार, ठरावीक अपवाद वगळता, १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणांतील लहान बॅटऱ्या वापरकर्त्याला स्वतः बदलता येणे बंधनकारक होते. भारतातील बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ यांचा भर मात्र उत्पादकाने वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्यावर आहे. वस्तू कचरा होण्यापूर्वीचा टप्पा त्यामुळे दुर्लक्षित राहतो.

समारोप :
विजेरीचे मूल्यमापन केवळ प्रकाशाच्या तीव्रतेवर होऊ नये. सेलची दिशा अंधारात बोटांना कळते का, चुकीची जोडणी टळते का, दुबळा सेल ओळखता येतो का आणि तो गावातच बदलता येतो का, हे चार निकष लावणे उचित ठरेल. जुनी विजेरी दुसऱ्या व तिसऱ्या निकषावर उणी पडते, बंद कवचाची नवी विजेरी चौथ्यावर. टोपीचा उंचवटा अंधारातही बोटाला लागतो, एवढे श्रेय जुनीला द्यावेच लागेल. ज्याच्या हाती रात्री दुसरा दिवा नाही, त्याच्या दृष्टीने चौथा निकष सर्वांत निर्णायक आहे.