‘वाढणे’ : अकर्मक आणि सकर्मक
आर्थिक वाढ व दारिद्र्य यांविषयीच्या मराठी लेखनाची एक चिकित्सा

१

‘भात वाढला’ हे वाक्य संदर्भावाचून ऐकल्यास त्याचे दोन अर्थ संभवतात. उंब्रजच्या पश्चिमेस, पाटणच्या खोऱ्यात बांधावर उभे राहून ते उच्चारले गेले, तर पीक उंच झाले असा त्याचा अर्थ होईल. स्वयंपाकघरात उच्चारले गेले, तर पानात अन्न पडले असा होईल. पहिल्या अर्थी क्रियापद अकर्मक आहे. भात हा तेथे कर्ता असून क्रिया त्याच्याच ठिकाणी सुरू होते व त्याच्याच ठिकाणी संपते. दुसऱ्या अर्थी क्रियापद सकर्मक आहे. भात हे कर्म असून कर्ता अध्याहृत आहे. वाक्य पूर्ण केले की ते ‘आईने मुलाला भात वाढला’ असे होते, आणि तृतीयेतील देणारी व चतुर्थीतील घेणारा अशी दोन माणसे त्यात प्रवेश करतात. या दोन ‘वाढणे’ची व्युत्पत्ती एक की भिन्न, हा प्रश्न येथे अप्रस्तुत होय. प्रयोगात ती दोन्ही एकाच रूपाने नांदतात, एवढे प्रस्तुत विवेचनास पुरेसे आहे.

अर्थशास्त्रीय मराठीने यांपैकी पहिले ‘वाढणे’ तेवढे उचलले आणि दुसरे स्वयंपाकघरात ठेवून दिले. ‘राष्ट्रीय उत्पन्न वाढले’, ‘राहणीमान उंचावले’, ‘दारिद्र्य घटले’ ही या लेखनातील नित्याची वाक्ये आहेत. ती सर्व अकर्मक आहेत. त्यांत कोणी कोणाला काही दिले असे कोठेही येत नाही. ऋतू पालटावा तसे उत्पन्न वाढते आणि धुके विरावे तसे दारिद्र्य घटते. ‘विकास’ हा शब्दही याच जातीचा आहे. मूळ संस्कृतात तो उमलण्याचा वाचक आहे. आणि फूल कोणासाठी उमलले, असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

आर्थिक वाढीमुळे दारिद्र्य कमी होते काय, हा प्रश्न आकड्यांनी सोडवावयाचा आहे, व्याकरणाने नव्हे, हे उघड आहे. तथापि आकडे कोणत्या प्रश्नाच्या उत्तरादाखल गोळा करावयाचे हे वाक्याच्या घडणीवर पुष्कळसे अवलंबून असते. ‘उत्पन्न किती वाढले?’ आणि ‘कोणी, कोणाला, किती वाढले?’ हे दोन भिन्न प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर एका संख्येत देता येते. दुसऱ्याचे देता येत नाही. पहिल्याच प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचेही उत्तर म्हणून पुढे करण्याची जी सवय या लेखनास जडली आहे, तिची तपासणी येथे करावयाची आहे.

२

कऱ्हाड तालुक्यातील उंब्रज हे गाव अशा तपासणीस सोयीचे आहे. कृष्णा व तारळी यांच्या संगमाजवळ ते वसले असून पुणे–बंगळूर महामार्ग त्याला लागूनच जातो. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक येथे असल्याने त्याचे नाव महाराष्ट्रात परिचित आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या टापूत जी वाढ झाली ती नाकारता येण्यासारखी नाही. कोयनेची वीज आली, नदीकाठी उपसा सिंचनाचे पंप बसले, रेठरे बुद्रुकचा कृष्णा व यशवंतनगरचा सह्याद्री यांसारखे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. जोंधळ्याच्या रानात ऊस आला. घरांवर स्लॅब पडली, मुले कऱ्हाडच्या महाविद्यालयांत जाऊ लागली. हे सर्व राहणीमान उंचावल्याचेच पुरावे होत, आणि त्यांची टवाळी करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

परंतु याच टापूतील बोलण्याकडे लक्ष दिल्यास असे आढळून येते की, ‘राहणीमान’ हा शब्द तेथे जवळजवळ नाही. त्याच्या जागी जे शब्दप्रयोग आहेत ते सर्व संबंधवाचक आहेत. ‘बागाईतदार’ म्हणजे ज्याच्या जमिनीला पाणी आहे तो. या शब्दात जमीन, पाणी व मालकी ही तिन्ही एकवटली आहेत. ‘खाऊनपिऊन सुखी’ हे कुटुंबाचे वर्णन अन्नाची निश्चिती सांगते. ‘हातावर पोट’ या प्रयोगात तर एक संपूर्ण आर्थिक व्याख्या सामावलेली आहे: ज्याच्यापाशी साठा नाही, ज्याची आजची मिळकत आजच संपते, आणि हात थांबला की पोट थांबते, तो माणूस. यात वार्षिक सरासरीला वाव नाही. दारिद्र्य येथे रकमेने मोजलेले नसून कालावधीने मोजलेले आहे. न कमावता किती दिवस काढता येतील, हे त्याचे परिमाण आहे.

या मापाने पाहिल्यास एकाच जिल्ह्याचे अनेक जिल्हे होतात. कृष्णाकाठ बागाईत झाला त्याच काळात पूर्वेकडील माण व खटाव हे अवर्षणग्रस्त राहिले. पश्चिमेकडील पाटण–जावळीच्या डोंगरातून माणसे मुंबईस गेली व गोद्यांत आणि बाजारपेठांत डोक्यावर ओझी वाहू लागली. ‘माथाडी’ हा शब्द १९६९ च्या कायद्यात गेला तो त्यांच्या माथ्यावरून. कोयनेच्या जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या वाट्याला विजेच्या आधी विस्थापन आले. जिल्ह्याचे सरासरी उत्पन्न या सर्वांना एका संख्येत बसविते; आणि अकर्मक वाक्याला ती संख्या पुरते.

३

वाढ आणि दारिद्र्य यांच्यामधील ही रिकामी जागा भरून काढण्यासाठी एक रूपक योजले जाते. वरच्या थरात संपत्ती निर्माण झाली की ती हळूहळू खालच्या थरांत ‘झिरपते’, असे सांगितले जाते. इंग्रजीतून आलेल्या या कल्पनेला मराठीत ‘झिरपणे’ हे क्रियापद मिळाले आणि तेही पुन्हा अकर्मकच मिळाले. पाणी स्वभावतःच खाली जाते. त्याला कोणी न्यावे लागत नाही, असे त्यातून सुचविले जाते.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हे रूपक फारसे पटण्याजोगे नाही, कारण झिरपणे म्हणजे काय हे त्याला प्रत्यक्ष ठाऊक आहे. याच नदीच्या खालच्या अंगाला, सांगली जिल्ह्यातील वाळवे व मिरज आणि कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ या तालुक्यांत, उसाला अतोनात पाणी दिल्याने ते जमिनीत मुरले, निचरा न झाल्याने तळाचे क्षार वर आले आणि हजारो एकर काळी रान क्षारपड झाली. वरून दिलेले पाणी खाली गेले यात शंका नाही; पण ज्या सखल रानात ते जाऊन साचले ते पिकले नाही, नासले. ती जमीन पुन्हा लागवडीस आणावयाची तर चर खणावे लागतात, सच्छिद्र नळ्या पुरून साचलेले पाणी ओढ्यापर्यंत न्यावे लागते, आणि हे काम एकट्याच्या रानापुरते करून भागत नाही. शेजाऱ्यांनाही त्यात सामील व्हावे लागते. तात्पर्य, झिरपणे ही क्रिया आपोआप घडते; पण तिचे फळ कल्याणकारी व्हावे यासाठी ‘खणणे’, ‘पुरणे’, ‘नेणे’ अशा सकर्मक क्रियांची आवश्यकता असते. रूपक योजणाऱ्यांनी पाण्याचा गुणधर्म घेतला आणि चराचा विसर पाडला.

४

या विषयावरील थोर लेखनाने मात्र घेणाऱ्याला वाक्याबाहेर जाऊ दिलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. दादाभाई नौरोजी यांनी १८७० च्या दशकात हिंदुस्थानचे दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारे वीस रुपये असल्याचा अंदाज मांडला, तेव्हा ते नुसत्या संख्येवर थांबले नाहीत. तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते याच्याशी त्यांनी ती संख्या ताडून पाहिली. कैद्याला जे वाढले जाते तेवढेही स्वतंत्र रयतेच्या पानात पडत नाही, हा त्या तुलनेचा निष्कर्ष होता. आकड्यासमोर पान मांडण्याची ही रीत होय.

साताऱ्यात जन्मलेले वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील जो अभ्यास प्रसिद्ध केला, तो याच परंपरेतला आहे. दररोज २२५० उष्मांक पुरविणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर लाभतो ती पातळी त्यांनी किमान मानली. १९६०-६१ च्या किमतींनुसार ती ग्रामीण भागात दरमहा दरडोई सुमारे पंधरा व शहरी भागात सुमारे साडेबावीस रुपये इतकी येत होती; आणि ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली होते. या अभ्यासाचे खरे सामर्थ्य पुढच्या प्रश्नात आहे. त्या दशकात जी काही वाढ झाली ती कोणाच्या वाट्यास आली, असे त्यांनी विचारले. उत्तर असे आले की, ती मुख्यतः वरच्या व मधल्या थरांकडे गेली. खेड्यातील तळचा पाचवा हिस्सा जवळजवळ होता तेथेच राहिला आणि शहरातील तळचा पाचवा हिस्सा अधिकच खालावला. ‘उत्पन्न वाढले’ या वाक्यात त्यांनी चतुर्थी घातली, असे व्याकरणाच्या भाषेत म्हणता येईल. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ‘गरिबी हटाव’ ही घोषणा गाजली. ती सकर्मक व आज्ञार्थी होती हे खरे. परंतु ती आज्ञा कोणी कोणास केली होती, हे त्या दोन शब्दांतून कळत नव्हते.

दांडेकर–रथ यांच्या रेषेचे पुढे जे झाले ते चिंतनीय आहे. रेषा राहिली, प्रश्न विरळ झाला. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाकरिता दरमहा दरडोई ९६७ रुपये ही रेषा ठरली. म्हणजे दिवसाला सुमारे बत्तीस रुपये. त्या पद्धतीनुसार राज्यातील दारिद्र्याचे प्रमाण २००४-०५ मधील सुमारे ३८ टक्क्यांवरून २०११-१२ मध्ये सुमारे १७ टक्क्यांवर आले. ही घट मोठी आहे आणि ती झपाट्याच्या वाढीच्या काळातच घडून आली. वाढीच्या समर्थकांचा हा पुरावा बाजूस सारता येणार नाही. मात्र रेषेच्या किंचित वर सरकलेला माणूस ‘हातावर पोट’ या अवस्थेतून बाहेर पडला काय, हे त्या आकड्यातून कळत नाही. एक आजारपण, एक लग्न किंवा एक कोरडा पावसाळा यांच्या अंतरावर तो असू शकतो. रेषेला जाडी नसते, दारिद्र्याला असते.

५

घेणाऱ्याचा लोप जेथे सर्वांत पूर्णपणे झाला आहे, असा एक शब्द याच ऊसपट्ट्यात हिवाळ्याच्या सुमारास ऐकू येतो. गळीत हंगामात बीड आदी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. मुकादमाकडून त्यांनी आधीच ‘उचल’ घेतलेली असते. टोळीची मोजणी माणसांनी होत नाही. ती ‘कोयत्यां’नी होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा ‘अर्धा कोयता’ होय. दोन माणसांचे एक हत्यार करणारी ही परिभाषा केवळ लक्षणा म्हणून सोडून देण्याजोगी नाही. हिशेब जोडीचा असल्याने स्त्रीची मजुरी स्वतंत्रपणे दिसत नाही, आणि बहुधा तिच्या हातीही पडत नाही. एखाद्या दिवशी तिला काम करणे अशक्य झाले तर तो ‘खाडा’ ठरतो आणि त्याची भरपाई वसूल केली जाते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ मध्ये राज्य शासनाला समिती नेमावी लागली, तेव्हा ‘खाडा’ या दोन अक्षरी शब्दाची किंमत राज्याला समजली.

साखरेचे उत्पादन वाढले, उताऱ्याचे आकडे वाढले, कारखान्यांची गाळपक्षमता वाढली. या प्रत्येक वाक्याच्या तळाशी कोयता आहे. पण तो करणरूपाने आहे, संप्रदानरूपाने नाही. ज्याच्याद्वारे वाढ झाली तो, ज्याला वाढले गेले तो नव्हे, हा विरोध मराठीच्या विभक्तिव्यवस्थेत इतका स्वच्छ मांडता येतो की तो न मांडणे हे अज्ञान म्हणता येत नाही.

६

याउलट उदाहरणही याच मुलुखातले आहे. तासगाव तालुक्यातील विसापूरचे वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास आपल्याच भागात एक प्रयोग आरंभिला. काम मागणाऱ्या प्रौढ माणसाला शासनाने काम द्यावे, अशी त्यामागील कल्पना होती. १९७२-७३ च्या दुष्काळात ती राज्यभर कसोटीस लागली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला व १९७९ च्या २६ जानेवारीपासून तो अंमलात आला. पुढे २००५ मध्ये केंद्राने केलेल्या रोजगार हमीच्या कायद्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. या योजनेचे जे सूत्र लोकांच्या तोंडी बसले ते ‘मागेल त्याला काम’ असे आहे. ‘त्याला’ ही चतुर्थी त्या सूत्राचा प्राण होय. देणारा कोण हेही त्यात मोघम राहिले नाही. शासनावर कर्तव्य लादले गेले आणि खर्चासाठी १९७५ पासून शहरांतील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. वाढ ज्यांच्यापर्यंत पोहोचली होती त्यांनी, ती ज्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती त्यांना, वाढावे, अशी ही पूर्ण वाक्यरचना होती.

योजनेत उणिवा पुष्कळ राहिल्या. मजुरी उशिरा मिळाली, कामे अपुरी पडली, हजेरीपटांत खोट्या नोंदी झाल्या. परंतु या उणिवांची तक्रार करता आली, कारण घेणारा नावानिशी नोंदलेला होता. ‘राहणीमान उंचावले नाही’ अशी तक्रार घेऊन कोणत्या कचेरीत जावे, हे कोणास सांगता येत नाही. ‘मला काम दिले नाही’ ही तक्रार मात्र तहसीलदारासमोर उभी करता येते. वाक्यरचनेतला हा भेद हक्क आणि अपेक्षा यांच्यातला भेद आहे.

या विवेचनावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. भांड्यातच अन्न नसेल तर वाढणार काय? वाढीवाचून वाटप म्हणजे दारिद्र्याचेच वाटप होय. हा आक्षेप मान्य करावयास हवा. कोयनेच्या विजेवाचून व कृष्णाकाठच्या बागाईतीवाचून व्यवसाय कर भरणारा वर्गही निर्माण झाला नसता. परंतु त्यावरून सिद्ध होते ते एवढेच की, पहिले ‘वाढणे’ दुसऱ्यासाठी अवश्य आहे. ते दुसऱ्याची जागा घेऊ शकते असे नव्हे. इंग्रजीत लिहिणाऱ्याला या दोन क्रियांसाठी दोन वेगळे शब्द शोधावे लागतात, आणि म्हणून एकीचे स्मरण दुसरीने होत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला ही सबब नाही. त्याच्या भाषेत पीक वाढते आणि पानातही वाढले जाते, एकाच क्रियापदाने. उत्पन्न वाढल्याचे वाक्य त्याने लिहिले की, ते वाढले कोणाला, हा प्रश्न त्याच शब्दातून त्याच्यापुढे उभा राहतो. त्याचे उत्तर दिल्यावाचून तो परिच्छेद पुरा झाला असे मानू नये.