खोटे, दुर्गा

खोटे, दुर्गा : (१४ जानेवारी १९०५–२२ सप्टेंबर १९९१). मराठी व हिंदी चित्रपटसृष्टीतील आणि मराठी रंगभूमीवरील एक श्रेष्ठ अभिनेत्री. माहेरचे आडनाव लाड. जन्म मुंबई येथे एका सधन, सुशिक्षित कुटुंबात. शिक्षण मुंबईच्या कॅथीड्रल हायस्कूलमध्ये व सेंट झेवियर महाविद्यालयात. विश्वनाथ खोटे यांच्याशी विवाह झाल्यानंतर काही वर्षांतच सासरची सांपत्तिक स्थिती खालावली आणि दोन मुलांच्या पालनपोषणासाठी अर्थार्जन करणे त्यांना भाग पडले. चित्रपटातील त्यांचा प्रवेश हा अशा निकडीतून झालेला आहे. कलेच्या ओढीने घर सोडणाऱ्या नटीची रूढ कथा त्यांना लागू पडत नाही.

भवनानी यांच्या फरेबी जाल (१९३१) या चित्रपटात त्यांनी प्रथम काम केले. भूमिका अगदी लहान होती; चित्रपटही सुमार होता. त्याचे स्वागत तर झाले नाहीच, उलट प्रतिष्ठित घरातील स्त्रीने त्यात काम केल्याबद्दल टीकेचा भडिमार मात्र झाला. त्या काळात चित्रपटातील नटी म्हणजे कलावंतिणींच्या वर्गातील स्त्री, असेच समीकरण होते. या पार्श्वभूमीवर, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या व्ही. शांताराम यांनी अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटातील तारामतीच्या भूमिकेसाठी त्यांची निवड करणे व त्यांनी ती स्वीकारणे, या दोन्ही गोष्टींना धैर्य लागले असले पाहिजे.

अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट. तो हिंदीतही निघाला. हरिश्चंद्राची भूमिका गोविंदराव टेंबे यांची होती. याच कथेवरील दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र (१९१३) या मूकपटात तारामती झाली होती ती साळुंके या पुरुष नटाच्या रूपाने, कारण त्या कामासाठी स्त्री मिळालीच नव्हती. एकोणीस वर्षांनी तीच भूमिका एका महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या स्त्रीकडे आली, आणि तीही बोलक्या पडद्यावर. दुर्गाबाईंविषयीच्या बहुतेक लेखनात या घटनेचे सामाजिक महत्त्व आवर्जून सांगितले जाते व ते योग्यही आहे. परंतु तेवढ्यावरच थांबल्यामुळे त्यांच्या अभिनयाचे मोजमाप मागे पडले. ‘कुलीन घरातील पहिली नटी’ हे वर्णन त्यांच्या कुलाविषयी बरेच काही सांगते, कलेविषयी काहीच सांगत नाही. तारामतीचे दुःख हे आख्यान-कीर्तनातून मराठी श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेले दुःख होते. त्यात अश्रूंना तोटा नव्हता. दुर्गाबाईंनी त्या दुःखात मान आणला. उंच, सरळ बांधा, खणखणीत आवाज व शब्दांचा स्वच्छ उच्चार यांमुळे त्यांची तारामती विकली गेली तरी राणीच राहिली. पतीच्या सत्यव्रतासाठी ती नुसती सोसत नाही. त्या व्रतातील आपला वाटा ती स्वतः उचलते, असे पाहणाऱ्याला वाटते.

हा करारीपणा शांतारामांनी नेमका हेरला होता. मायामच्छिंद्र (१९३२) मध्ये त्यांनी दुर्गाबाईंना स्त्रीराज्याची राणी केले, तर अमरज्योती (१९३६) मध्ये सौदामिनी हे पात्र दिले. पतीच्या अन्यायाविरुद्ध दाद न मिळाल्याने व मुलाला मुकल्याने ही स्त्री समुद्रावरील चाच्यांची नायिका बनते आणि पुरुषी सत्तेवर सूड उगवते. कथानक अद्भुताच्या अंगाने जाते व शेवटी त्याचा विद्रोह बराचसा सौम्य होतो. पण स्त्रीच्या क्रोधाला इतके उघड स्थान देणारी भूमिका त्यापूर्वी भारतीय पडद्यावर क्वचितच आली असेल. सौदामिनीचा त्वेष कर्कश होत नाही, हे दुर्गाबाईंचे विशेष यश. चंद्रमोहन यांच्या भेदक डोळ्यांसमोर उभे राहूनही त्यांची नजर ढळत नाही. हा चित्रपट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला. दरम्यान कलकत्त्यास देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी सीता (१९३४) या चित्रपटात पृथ्वीराज कपूर यांच्यासमवेत काम केले.

नट-नट्या एकाच कंपनीच्या मासिक वेतनावर बांधलेल्या असण्याच्या त्या काळात दुर्गाबाईंनी अनेक कंपन्यांतून स्वतंत्रपणे कामे घेतली. सवंगडी (हिंदी साथी, १९३८) या चित्रपटाची त्यांनी निर्मितीही केली.

पुढील दशकात भूमिकांचे स्वरूप पालटले. आचार्य अत्रे यांच्या पायाची दासी (१९४१) मधील त्यांची सासू खाष्ट आहे. मात्र तिच्या दुष्टपणाला घरातील सत्तेचा एक तर्क आहे, आणि तो दुर्गाबाईंनी चांगला ओळखला होता. या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीतील व त्यानंतरच्या भरतमीलाप (१९४२) मधील कामगिरीबद्दल बंगालच्या चित्रपट-पत्रकार संघटनेने त्यांना पारितोषिके दिली. भरतमीलाप मध्ये त्या कैकेयी होत्या. सोहराब मोदी यांच्या पृथ्वीवल्लभ (१९४३) मध्ये कैदेत पडलेल्या मुंजापुढे जिचा अहंकार हळूहळू वितळतो ती मृणालवती त्यांनी उभी केली. कैकेयी, मृणालवती व सासू या तिघीही सत्तेच्या जवळ वावरणाऱ्या आणि तिची किंमत मोजणाऱ्या स्त्रिया होत. दुर्गाबाईंच्या अभिनयाचे खरे क्षेत्र हेच होय. केवळ शालीन, सहनशील नायिका हे त्यांचे बलस्थान नव्हते. अशा ठिकाणी त्यांच्या वाणीतील ठसका भूमिकेला पेलत नसे.

रंगभूमीवर हे क्षेत्र त्यांना अधिक मोकळेपणाने लाभले. मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मराठी रंगभूमीच्या पुनरुज्जीवनाचे जे कार्य हाती घेतले, त्यात दुर्गाबाईंचा मोठा वाटा होता. इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशनशीही त्यांचा संबंध आला. कृ. प्र. खाडिलकर यांच्या भाऊबंदकी या नाटकात नानासाहेब फाटक यांच्या राघोबासमोर त्यांनी आनंदीबाई साकार केली. मूळच्या प्रयोगांतून आनंदीबाई पुरुष नटच करीत. तारामतीप्रमाणे येथेही पुरुषाने घडविलेली भूमिका एका स्त्रीच्या हाती आली, व तिचा तोल बदलला. स्त्रीपार्टी नटाला ‘स्त्री’ दाखविण्यासाठी जो लडिवाळपणा योजावा लागे, त्याची दुर्गाबाईंना गरजच नव्हती. त्यामुळे आनंदीबाईंची महत्त्वाकांक्षा झाकली न जाता सरळ पुढे आली. राघोबाच्या चंचल स्वभावाशेजारी तिचा निर्धार अधिकच भयंकर वाटतो. याच आनंदीबाई प्रभातच्या रामशास्त्री (१९४४) या चित्रपटात ललिता पवार यांनी केल्या. त्यांत कारस्थानाची धार अधिक आहे. दुर्गाबाईंच्या आनंदीबाईंत पेशवाईची ऐट अधिक होती. शेक्सपिअरच्या मॅक्‌बेथवरून वि. वा. शिरवाडकर यांनी लिहिलेल्या राजमुकुट (१९५४) या नाटकातील त्यांची भूमिकाही याच जातीची. फाटक यांची पल्लेदार, भावनेने उचंबळणारी वाक्‌शैली व दुर्गाबाईंची काटेकोर, संयत शैली या दोन भिन्न परंपरांतील असूनही प्रयोगात परस्परपूरक ठरल्या.

दुर्दैवाने रंगभूमीवरचे हे काम प्रामुख्याने मुंबईपुरते राहिले व प्रयोगाबरोबरच विरून गेले. मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावी राहणाऱ्या प्रेक्षकाला साहित्य संघाचा महोत्सव पाहावयास मिळणे दुरापास्तच. त्याला दुर्गाबाई ठाऊक झाल्या त्या पडद्यावरून, आणि १९५० नंतरच्या पडद्याने त्यांना जवळजवळ सर्वस्वी ‘आई’ करून टाकले होते. दादी माँ (१९६६), खिलौना (१९७०), आनंद (१९७१), अभिमान (१९७३) अशा अनेक चित्रपटांतून त्या आई, आजी वा वडीलधारी स्त्री म्हणून दिसतात. काम नेहमीच नीटस आहे. परंतु भूमिका एकाच साच्यातील असून त्यांत कलावंताला शोधण्याजोगे फारसे उरलेले नाही. हा दोष त्यांचा नव्हे. प्रौढ स्त्रीला मातृत्वाव्यतिरिक्त काही असू शकते, याची हिंदी चित्रपट-लेखकांना कल्पनाच नव्हती. कर्तृत्वाने वयस्क झालेल्या नटाला बादशाह, न्यायाधीश किंवा खलनायक होता येई. नटीला मुलाची वाट पाहत बसावे लागे.

याला काही सन्मान्य अपवाद आहेत. के. आसिफ यांच्या मुगल-ए-आझम (१९६०) मध्ये अकबर झालेल्या पृथ्वीराज कपूर यांच्यासमोर दुर्गाबाई जोधाबाई म्हणून उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षांपूर्वी राम-सीता झालेले हे दोन कलावंत येथे पुन्हा राजा व राणी होऊन भेटतात. पती व पुत्र यांच्या संघर्षात सापडलेल्या या राणीच्या वाट्याला संवाद तुलनेने थोडे आहेत. तथापि बादशाहासमोर नमणे व न नमणे यांतील अंतर त्या केवळ स्वराच्या चढ-उतारातून दाखवितात. जेम्स आयव्हरी यांच्या द हाउसहोल्डर (१९६३) मध्ये मुलाच्या संसारात ढवळाढवळ करणारी आई त्यांनी सूक्ष्म विनोदाने रंगविली, तर बॉबी (१९७३) मधील ख्रिस्ती आजी त्यांच्या नेहमीच्या आईपेक्षा मोकळी व खेळकर आहे. बिदाई (१९७४) मधील आईबद्दल त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. सुमारे दोनशे चित्रपटांतून त्यांनी कामे केली.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार (१९५८), पद्मश्री (१९६८) व दादासाहेब फाळके पुरस्कार (१९८३) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत. त्यांनी स्थापन केलेल्या संस्थेने लघुपट व जाहिरातपट काढले, तसेच दूरदर्शनसाठी वागळे की दुनिया (१९८८) ही लोकप्रिय मालिका निर्माण केली. मी, दुर्गा खोटे (१९८२) हे त्यांचे आत्मचरित्र. शांता गोखले यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला आहे.