'भडिमार' : एका युद्धवाचक शब्दाचा अर्थविचार

प्रस्तावना

मराठी इतिहासलेखनात आणि ऐतिहासिक कादंबरीत वेढ्याचे वा लढाईचे वर्णन आले की 'तोफांचा भडिमार सुरू झाला' हे वाक्य हटकून येते. वृत्तपत्रांत आणि व्यासपीठांवर हाच शब्द प्रश्नांसाठी, आश्वासनांसाठी व जाहिरातींसाठी योजला जातो. या अतिपरिचयामुळे शब्दाचा मूळ व्यवहार नजरेआड झाला आहे. तो व्यवहार कोणता होता आणि शब्दाच्या सरसकट वापराने इतिहासाच्या आकलनात कोणती उणीव निर्माण होते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शब्द आणि त्याचे सोबती

'भडिमार' या शब्दाचा पूर्वपद 'भड' हा 'भडभड', 'भडका' यांप्रमाणे ध्वन्यनुकारी मानता येतो; उत्तरपद 'मार' स्पष्टच आहे. तोफखान्याशी निगडित बरीचशी मराठी शब्दसंपत्ती बाहेरून आलेली आहे. 'तोफ' हा मूळचा तुर्की शब्द असून 'तोफखाना' आणि 'गोलंदाज' ही फारसी घडण आहे. 'मोर्चा' हाही फारसी वळणाचाच शब्द. त्याचा जुना अर्थ खंदक किंवा तोफा लावण्याची आडोशाची जागा असा होता. या परभाषिक मंडळींत 'भडिमार' हा देशी वळणाचा शब्द उठून दिसतो. यंत्र, कारखाना आणि कारागीर यांची नावे बाहेरून आली. कानावर आदळणाऱ्या अनुभवाला मात्र मराठीने स्वतःचे नाव दिले.

जवळच्या शब्दांतील भेदही महत्त्वाचा आहे. 'मारा' या शब्दात पल्ला आणि रोख यांची जाणीव आहे. म्हणूनच किल्ल्याच्या बांधणीसंबंधी 'माऱ्याची जागा' असे म्हटले जाते. 'सरबत्ती' म्हणजे अनेक बंदुका वा तोफा एकदम झाडणे. 'बत्ती' हा पेटता काकडा त्या शब्दात अजून जळतो आहे. 'भडिमार' मात्र सातत्य दाखवितो. सरबत्ती क्षणात संपते, तर भडिमार चालू राहतो.

हे सातत्य सहजसाध्य नव्हते. प्रत्येक बारानंतर नळी पुसणे, दारू ठासणे, गोळा भरणे, कानात रंजक घालणे व बत्ती देणे हा क्रम पुन्हा करावा लागे. धक्क्याने मागे सरकलेली तोफ पुन्हा रोखावी लागे आणि तापलेल्या नळीस विसावा द्यावा लागे. त्यामुळे जुन्या काळचा भडिमार आजच्या कल्पनेपेक्षा संथ होता. त्याचे बळ वेगात नसून चिकाटीत आणि दारूगोळ्याच्या पुरवठ्यात होते.

तीन प्रसंग, एकच शब्द

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला. या वेढ्यात तोफांइतकेच, किंबहुना निर्णायक टप्प्यावर अधिक, महत्त्व सुरुंगांना होते. बुरुजांखाली उडविलेल्या सुरुंगांनी तटास खिंडार पडले. त्याच स्फोटांत मराठ्यांचीही हानी झाली. अखेर मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांनी अटी ठरवून किल्ला स्वाधीन केला.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफा उघड्या मैदानात होत्या. येथे फोडावयाचा तट नव्हता; समोर हलते सैन्य होते. मराठ्यांच्या जड तोफांना जागा बदलणे कठीण, तर अफगाणांकडे उंटांवरून फिरविता येणारे जंबुरे होते. या प्रसंगी खरा प्रश्न माऱ्याच्या तीव्रतेइतकाच तोफांच्या हालचालीचा होता.

मे १८१८ मध्ये इंग्रजांनी रायगडावर उखळी तोफांनी गोळे टाकले. उखळी तोफेचा गोळा उंच चढून आत पडतो व फुटतो. त्यास तट फोडण्याची गरज नसते. गडावर आग लागून राजवाडा जळाला आणि १० मे १८१८ रोजी गड शरण आला. तट जवळजवळ जागच्या जागी राहिला. जळाला तो आतला वस्तीचा भाग.

सुरुंग, मैदानी तोफ आणि उखळी तोफ ही तीन साधने भिन्न आहेत. त्यांचे लक्ष्य आणि जयापजयाची कारणेही भिन्न आहेत. तिन्ही ठिकाणी 'तोफांचा प्रचंड भडिमार' असे लिहिले की तिन्ही प्रसंग एकसारखे दिसू लागतात. वसई कशी पडली आणि रायगड का टिकला नाही, या प्रश्नांचे उत्तर विद्यार्थ्यास मग केवळ आवाजात सापडते. युद्धतंत्र बाजूला पडते आणि उरते ते शौर्य वा दुर्दैव. हा दोष शैलीपुरता नाही. तो कारणमीमांसेचा दोष आहे.

लाक्षणिक अर्थ

वेढ्यातील भडिमार हा एका क्रमाचा मधला टप्पा होता. आधी मोर्चे लागत, मग मारा होई, खिंडार पडे आणि शेवटी हल्ला होई किंवा कौल दिला जाई. भडिमाराचा हेतू काहीतरी उघडण्याचा होता. आजच्या लाक्षणिक वापरात संख्या व गोंगाट टिकला आहे. क्रम आणि हेतू गळाला आहे. 'प्रश्नांचा भडिमार केला' या बातमीत उत्तर मिळाले की नाही हे अनेकदा सांगितलेलेच नसते. भडिमार हीच फलश्रुती ठरते. याउलट 'मोर्चा' या शब्दाचा प्रवास अधिक सर्जक झाला. जागेवर रोवलेली आड सोडून तो शब्द रस्त्यावर चालू लागला आणि लोकशाहीतील मागणीचे साधन बनला. अर्थ बदलला तरी त्याचा हेतू सुटला नाही.

समारोप

अर्थविस्तार हा भाषेचा स्वभाव आहे. 'भडिमार' लाक्षणिक अर्थाने वापरू नये असे म्हणणे व्यर्थ ठरेल. परंतु इतिहासाच्या वर्गात आणि ऐतिहासिक गद्यात हा शब्द आला की चार प्रश्न विचारणे आवश्यक आहे: तोफ कोणती, लक्ष्य कोणते, मारा किती काळ चालला आणि त्यातून काय उघडले? या प्रश्नांची उत्तरे देणारे गद्य कदाचित कमी गर्जेल, पण वेढ्याच्या आत आणि बाहेर असलेली माणसे त्यात अधिक स्पष्ट दिसतील.