पाटाकाठचे झाड

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांच्या दाराशी उभे असलेले पहिले स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे. रोज पवित्र शास्त्र उघडणाऱ्याने आरंभ इथूनच करावा, कारण त्याचा नायकच मुळी शास्त्राचे मनन करणारा माणूस आहे.

पहिल्याच वचनात तीन नकार येतात. दुर्जनांच्या सल्ल्याने चालायचे नाही, पाप्यांच्या वाटेवर थांबायचे नाही, टवाळांच्या बैठकीत बसायचे नाही. चालणे, थांबणे, बसणे. माणूस बिघडतो तो असाच, पायरीपायरीने. लगेच पुढे कवी सांगतो ती गोडी. या माणसाला देवाच्या वचनाची आवड आहे, म्हणून त्याचे मनन रात्रंदिवस चालते. नेमधर्माचा धाक इथे कुठेच नाही.

मग झाड येते, पाटाच्या काठी लावलेले. सोलापूरकराला यावर टीप नको. उजनीचे पाणी पोचले तिथला ऊस आणि न पोचले तिथे जमिनीतल्या ओलीवर तगणारी ज्वारी, हा फरक त्याला एसटीच्या खिडकीतूनही दिसतो. हे झाड आपसूक उगवलेले नाही. कोणीतरी पाण्याची जागा हेरून लावले आहे. ते फळते, पण आपल्या हंगामात. आज वाचले आणि आजच समाधान मिळाले पाहिजे, असा हट्ट इथे चालत नाही. पान मात्र बारमाही हिरवे. फळाला हंगामाची वाट पाहावी लागते, याचा दाखलाही जवळच आहे. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरच्या केडगावात पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यासाठी वर्षानुवर्षे खपून काम केले. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ वाचकांच्या हाती पडला तो त्यानंतर.

झाडाला कवीने पाणी, फळ, पान सगळे दिले. दुर्जनांच्या वाट्याला फक्त वाऱ्यावर उडणारे भूस. मालदांडी ज्वारीचे खळे पाहिलेल्याला ठाऊक असते की दाणा आणि भूस निघतात एकाच कणसातून. उफणताना निवाडा होतो तो वजनाचा.

आणखी एक बारकावा. सुरुवातीला सज्जन एकटा आहे आणि समोर दुर्जनांचा घोळका. शेवटाकडे मात्र नीतिमानांची मंडळी उभी दिसते. पहाटे एकट्याने वाचणाऱ्याला रविवारच्या उपासनेत भेटते, तीच ही.

असा माणूस जे करतो ते सिद्धीस जाते, हे या स्तोत्रातले यशाचे आश्वासन मात्र एकटे उचलू नये. तिसऱ्याच स्तोत्रात शत्रूंनी घेरलेल्या दाविदाची हाक ऐकू येते. शीर्षकाप्रमाणे तो पोटच्या मुलापासून, अबशालोमापासून पळतो आहे. पाटाकाठच्या झाडालाही वादळ चुकत नाही, हे संहितेची रचनाच सांगते. म्हणून पहिले स्तोत्र वाचून पुस्तक मिटू नका. उद्या दुसरे, परवा तिसरे वाचा.